प्रतिसाद: नवा ब्रायर पाइप तापतो म्हणून
तंबाखू ओढायच्या नव्या ब्रायर पाइपचे चटके बसतात म्हणजे त्याचं लाकूडच खराब, असं इथे एकाने म्हटलंय. मला नाही पटलं. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या बुंध्याची गाठ. ती उकळून, महिनोन्‌महिने वाळवून मगच कोरतात. तरी आतून कोरा पाइप तापतोच. माझा इटालियन हातघडणीचा पाइप मी सुरुवातीला निम्माच भरायचो, झुरके अगदी सावकाश. आत काजळीचा पातळ थर धरला तेव्हा कुठे चव आली. थर नाण्याच्या जाडीपुढे जाऊ देऊ नका, तंबाखू भरायची वाटी तडकते. आणि गरम असताना तोंडाकडची नळी उपसू नका! मी उपसली, ती ढिली झाली ती झालीच. (तंबाखू घातकच, ते मान्य.)