मदत हवी आहे: एक्सआरएफ गनवर दिसणारा व्हॅनेडियम प्रयोगशाळेत निम्माच भरतो

वैनगंगाकाठ:
गोंदिया जिल्ह्यात टायटॅनियम-व्हॅनेडियमयुक्त मॅग्नेटाइटच्या ब्लॉकवर जी-३ पातळीचं (प्राथमिक शोधाचं) काम सुरू आहे. जमीन बहुतेक धानाच्या बांध्यांची, मधे मधे झुडपी. अडचणी दोन. एक्सआरएफ गनवर (हातात धरायचं क्ष-किरण तपासणी यंत्र) जेवढा व्हॅनेडियम दिसतो, त्याच्या जेमतेम निम्मा प्रयोगशाळेच्या अहवालात येतो. शिवाय वरच्या मुरमाड भागातले तुकडे चुंबकाला धड चिकटत नाहीत, खालून बोअरमध्ये निघालेला खडकाचा गाभा मात्र लगेच चिकटतो. रोवणीआधी चर उरकायचे आहेत. नमुने कसे घ्यावेत आणि भरवसा कोणत्या आकड्यावर ठेवावा?

खडकपारखी:
भाऊ, प्रयोगशाळेच्या. गन प्रत्येक मूलद्रव्य त्याच्या क्ष-किरण रेषेच्या ऊर्जेवरून ओळखते. टायटॅनियमची के-बीटा रेषा ४.९३ केईव्हीला (ऊर्जेचं एकक) येते, व्हॅनेडियमची के-अल्फा ४.९५ ला. हातातल्या गनला ही जोडी वेगळी करणं जड जातं, म्हणून टायटॅनियम जास्त तिथे व्हॅनेडियम फुगलेला दिसतो. चर कुठवर न्यायचा, कोणता पट्टा फोडायचा, एवढ्यापुरती गन चांगली. साठ्याच्या हिशेबात तिचा आकडा घेऊ नका. प्रयोगशाळेकडून फ्यूज्ड बीड पद्धतीनं (पूड वितळवून काचेची चकती करून) तपासून घ्या आणि टायटॅनियमची दुरुस्ती केली का, ते लेखी मागा. दर २० नमुन्यांमागे एक प्रमाणित (आकडा आधीच ठाऊक असलेला), एक कोरा (व्हॅनेडियम नसलेला) आणि एक दुबार नमुना घाला. प्रमाणित नमुना टायटॅनियम भरपूर असलेलाच हवा. साध्या लोहखनिजाचा घातला तर हा दोष पकडलाच जात नाही.

चरात खडकाच्या पट्ट्याला आडवी खाच मारा: १० सेंमी रुंद, ५ सेंमी खोल, दर मीटरला वेगळा नमुना. अशा जड खडकाचा एक नमुना १५ ते २० किलोंचा भरतो. खडक बदलला की मीटर पुरा व्हायची वाट न पाहता नमुना तिथेच तोडा.

अयस्क:
मुरमाड भागाचं कारण ऑक्सिडीकरण. मॅग्नेटाइटचं हेमॅटाइट झालं (याला मार्टाइट म्हणतात) की रासायनिक तपासणीत लोह आणि व्हॅनेडियम दिसतात, पण कमी ताकदीच्या चुंबकावर माल येत नाही. टाइलच्या खरबरीत पाठीवर तुकडा घासून पाहा: काळी रेघ म्हणजे मॅग्नेटाइट, तांबूस म्हणजे हेमॅटाइट. गाभ्याच्या दर मीटरला ससेप्टिबिलिटी मीटर (खडक किती चुंबकीय आहे ते मोजणारं यंत्र) लावा आणि वरचा भाग साठ्यात वेगळा मांडा.

खरा हिशेब डेव्हिस ट्यूबचा, म्हणजे पुडीतला चुंबकीय माल वेगळा काढणाऱ्या प्रयोगशाळेतल्या नळीचा. ७५ मायक्रॉनपर्यंत दळलेली २० ग्रॅम पूड पुरते. समजा १०० किलो खडकात ०.४ टक्के व्हॅनेडियम पेंटॉक्साइड आहे, म्हणजे ४०० ग्रॅम. चुंबकावर ३० किलो माल आला आणि त्यात ते ०.९ टक्के निघालं, तर २७० ग्रॅम हाती लागलं, म्हणजे ६७.५ टक्के. बाकीचं शेपटीत, म्हणजे चुंबकानं न धरलेल्या मालात गेलं. प्रत्येक खडकपट्ट्याचा हा आकडा हातात आल्याशिवाय पुढची बोअर आखणं म्हणजे पैसा वाया घालवणं.

साकोलीकर:
जमिनीचंही पाहा. टायटॅनियम आणि व्हॅनेडियमची खनिजं २०२३ च्या दुरुस्तीनं खाण व खनिज कायद्याच्या पहिल्या अनुसूचीच्या ड भागात गेली, त्यामुळे ब्लॉकचा लिलाव केंद्र सरकार करतं. पण यंत्र लावायच्या प्रत्येक गटाचा सातबारा आधी वाचा. झुडपी जंगल अशी नोंद असेल तर वन विभागाच्या परवानगीशिवाय तिथे काहीही नेऊ नका. २२ मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ती जमीन वनच मानली आहे. बांधीत चर खणताना वरची काळी माती एका बाजूला, मुरूम दुसऱ्या बाजूला ठेवा. बुजवताना मुरूम खाली, थराथरानं दाबून, काळी माती शेवटी. उलट झालं तर बांधीत पाणी ठरत नाही आणि शेतकऱ्याचा हंगाम बुडतो. भरपाईचं बोलणं लेखी आणि आधीच करा.

वैनगंगाकाठ:
सगळ्यांचे आभार. चुंबकीय मालाच्या तपासणीत काय काय मागवू?

अयस्क:
लोह, टायटॅनियम, व्हॅनेडियम तर हवंच, पण सिलिका आणि चुनाही मागवा. व्हॅनेडियम काढायला माल सोडा घालून भाजतात, तेव्हा सिलिका सोडा खाते आणि भट्टीच्या आत कड्यासारखा थर धरते. चुन्यानं कॅल्शियम व्हॅनेडेट होतं, ते पाण्यात उतरत नाही. टायटॅनियम इल्मेनाइटच्या बारीक पात्यांत अडकला असेल तर नुसतं दळून सुटणार नाही, त्यासाठी पॉलिश केलेले छेद सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या. डेव्हिस ट्यूबचा नमुना पाठवता तेव्हाच हेही पाठवा.