बुद्धिबळामुळे स्वभावात खरोखर फरक पडतो का?

शनिवारचा_प्यादा: गेले वर्षभर मी दर शनिवारी क्लबात जाऊन बुद्धिबळ खेळतो आहे आणि हल्ली कार्यालयातही कोणत्याही हिशेबावर सही करण्यापूर्वी क्षणभर थांबतो, असे माझे मलाच जाणवते. हा खेळाचा परिणाम मानावा, की वय चाळिशीकडे झुकल्याचा? घरच्यांचे मत दुसऱ्या कारणाकडे झुकते.

अडीच_घरे: खेळाकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. चेस आणि सायमन (आडनावाचा निव्वळ योगायोग!) या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निष्णात खेळाडूला खऱ्या डावातील स्थिती पाच सेकंद पाहून पुष्कळशी अचूक मांडता आली, मोहरी पटावर वाटेल तशी विखुरल्यावर मात्र त्याचा वरचढपणा जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे तयार होते ती पटावरची नजर. इंग्लंडमध्ये शंभर प्राथमिक शाळांच्या चाचणीत काही शाळांतील मुलांना बुद्धिबळ शिकवले गेले. २०१६ च्या अहवालानुसार वर्षभरानंतर त्यांच्या गणितात फरक आढळला नाही.

जुना_वजीर: गणिताचे मान्य, पण प्रश्न स्वभावाचा आहे. पत्त्यांत पाने वाईट आली, कॅरममध्ये बोर्ड खराब होता, असे म्हणता येते. इथे ती सोय नाही. स्पर्धेत हात लावलेले मोहरे हलवावेच लागते. एकदा डाव माझ्या बाजूने असताना मी घाईने घोड्याला बोट लावले आणि तो हलवताच मागचा वजीर उघडा पडला. राग आला तो समोरच्या बारा वर्षांच्या मुलीचा, जी निमूटपणे माझी खेळी कागदावर उतरवून घेत होती. डाव संपल्यावर तिनेच विचारले, "काका, परत लावून बघू या का?" पुढच्या अर्ध्या तासात तिने दाखवून दिले की घोड्याच्या आधीच्या चार खेळ्याही मी तिच्या उत्तराचा विचार न करताच केल्या होत्या. माझ्यात काही बदलले असेल तर ते त्या कागदामुळे. तुम्ही खेळ्या लिहिता का?

शनिवारचा_प्यादा: लिहितो, पण वही आज प्रथमच नीट वाचली. हरलेल्या अकरा डावांपैकी सात डावांत प्यादे फुकट मिळाल्यावर दोन-तीन खेळ्यांतच माझा घोटाळा झाला आहे. हिशेबात एक चूक सापडली की उरलेली पाने मी अशीच सैल हाताने तपासतो. घरी हे सांगितले, तेव्हा उत्तर मिळाले की एवढ्यासाठी वर्षभर शनिवार घालवायची गरज नव्हती, आम्हालाच विचारायचे होते.