काका लस घ्यायला तयारच नाहीत, कसं समजवायचं?

हर्णैकर (जुलै 2021)

आमच्या घरात कोविडची लस न घेतलेला एकच माणूस उरलाय, माझे काका. पन्नाशी उलटलीय, तांडेल (मासेमारी होडीचे प्रमुख) आहेत, सगळी हयात दर्यावर गेली. आता 31 जुलैपर्यंत मासेमारीबंदी आहे, होड्या शाकारून ठेवल्यात, म्हणजे वेळच वेळ आहे, पण विषय काढला की उठून पडवीत जाळं सांधायला बसतात.

एक सांगतो, काका अडाणी नाहीत. शिंगाळा माशाचा काटा हातात घुसला की कुणी सांगायच्या आत जाऊन टीटीचं (धनुर्वाताचं) इंजेक्शन घेतात, आणि आमच्या चुलत भावंडांना पोलिओचे डोस त्यांनी स्वतः खांद्यावर बसवून नेऊन पाजलेत. मग ह्याच लसीला नाही का? तर वाडीतले एक आजोबा एप्रिलात लस घेऊन आले आणि आठवड्याभरात गेले, ते त्यांच्या डोक्यातून जात नाही. आणि दुसरं म्हणजे कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर आधी चार ते सहा आठवडे, मग सहा ते आठ, आता बारा ते सोळा, "ज्यांचं त्यांना ठरत नाय ते आमच्या दंडात काय टोचणार" असं म्हणतात. लसीत चिप असते वगैरे व्हॉट्सॲपवरचं काही असतं तर मी खोडून काढलं असतं, पण ह्या दोन गोष्टींवर काय बोलायचं ते सांगा. घरात आजी पण आहे, दम्याची, म्हणून जीव वरखाली होतो.

सुरंगी

मी पीएचसीला (सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात) नर्स आहे, जानेवारीत पहिल्या टप्प्यातच लस घेतली, तेव्हापासून टोचतेय. काकांचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, रोज कोणी ना कोणी विचारतंच.

अंतराचं खरं कारण सांगा त्यांना. अंतर जास्त ठेवलं तर ही लस जास्त चांगलं काम करते असं परदेशातल्या माहितीत दिसलं, आणि त्याच दिवसांत आपल्याकडे लसीचा तुटवडा पण होता. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही सांगायचं, एकच सांगितलं की माणूस दुसरं बाहेरून ऐकतो आणि मग आपल्या पहिल्या बोलण्यावर पण विश्वास ठेवत नाही.

आजोबांचं असं, की 1 मार्चपासून 60 च्या वरच्यांना आणि आजार असलेल्या 45 च्या वरच्यांना सुरुवात झाली, म्हणजे मुळात वयस्कर आणि बीपी-शुगरवाली माणसं रांगेत आधी. ह्या वयाची माणसं लस नसती तरी दर आठवड्याला कुठे ना कुठे जातातच, हार्टने, किडनीने. आणि एप्रिल म्हणजे दुसरी लाट भरात होती, लस घेऊन लगेच संरक्षण मिळत नाही, त्याला दोन-तीन आठवडे जातात, कित्येकांच्या अंगात आजार आधीच शिरलेला असायचा. त्या आजोबांना नेमकं काय झालं ते त्यांच्या घरच्यांना आणि डॉक्टरांना विचारा, वाडीतल्या चर्चेवर जाऊ नका. धोका शून्य आहे असं मात्र मी कुणालाच सांगत नाही. रक्ताच्या गुठळ्या होण्याचा दुर्मिळ त्रास युरोपात ह्याच लसीनंतर साधारण लाखात एखाद्याला दिसला. पण कोविडमध्ये गुठळ्या कितीतरी जास्त होतात आणि पन्नाशीतल्या माणसाला खरा धोका कोविडचाच आहे. ताप, अंगदुखी एक-दोन दिवस येते, ते आधीच सांगून ठेवा म्हणजे घाबरायला होत नाही.

अजून एक, आमच्याकडे एका बाटलीत दहा डोस, फोडली की चार तासांत संपवायची, म्हणून आम्ही माणसं जमेपर्यंत थांबतो. लोकांना वाटतं बाई टाळतेय. तौक्ते वादळाच्या वेळी लाईट गेली होती तेव्हा एका मावशींनी विचारलं होतं, लस फ्रिजमध्ये खराब नाय ना झाली? मला फार बरं वाटलं, त्यांना आत नेऊन तापमानाची वही दाखवली, 2 ते 8 डिग्रीच्या मध्ये असावं लागतं ते समजावलं, त्यांनी तिथंच बाही वर केली.

कातळसडा

ताईंचं पटलं, पण सगळ्यालाच "भीती" म्हणू नका. मे महिन्यात 18 ते 44 वाल्यांना ॲपवर नंबर लावल्याशिवाय लस नव्हती, आमच्या वाडीत सड्यावर चढल्याशिवाय रेंज येत नाही, आणि स्लॉट उघडला की शहरातली माणसं गाड्या घेऊन येऊन टोचून जात. गावातली म्हातारी माणसं ते पायरीवर बसून बघत होती. शिवाय आंब्याचा सिझन, दोन दिवस तापाने पडलं तर मजुरी बुडते आणि बागवाला दुसरा माणूस घेतो. अशा माणसाने "बघू नंतर" म्हटलं तर त्याला लसविरोधी ठरवणं मला अन्याय वाटतो. 21 जूनपासून सेंटरवर जाऊन नोंदणी होते तर आमच्याकडचे बरेच जण आपणहून गेले.

जुनी_वही

हे आजचं नाही. 1896 ला मुंबईत प्लेग आला तेव्हा आपली गिरणीतली माणसं गावाकडे पळाली. जानेवारी 1897 मध्ये हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञ साहेबाने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, तरी लोक बिचकत होते, कारण त्याच वर्षी सरकारी माणसं घरात घुसून झडत्या घेत होती, पुण्यात तर सोल्जर घुसले. ज्या हाताने घराची कडी तोडली त्याच सरकारची सुई कोण टोचून घेणार? नंतर 1902 मध्ये पंजाबात मुल्कोवाल गावी एका बाटलीतून टोचलेली 19 माणसं धनुर्वाताने गेली, हाफकिनवर ठपका आला आणि तो निर्दोष ठरायला 1907 उजाडलं. मुंबईतली परळची संस्था आज त्याच्याच नावाने आहे, तिथे पोलिओचे डोससुद्धा बनले. विश्वास बसायला असा वेळ लागतो, म्हणून काकांना धमकावू नका, रेशन बंद होईल वगैरे तर अजिबात बोलू नका.

आबोली_मालवण

आमच्याकडे आवस (आई) म्हणा होती, माका काय्येक होणा नाय. पोरांनी सांगून ऐकली नाय, डॉक्टरचा पण नाय. शेवटी शेजारची काकी स्वतः घेऊन इली आणि दुसऱ्या दिवशी म्हावरा विकूक बसली, ता बघून आवस गेली. तुमच्या काकांच्या बरोबरीचो कोण तांडेल घेऊन इलो असात तर त्येका घराक बोलवा.

हर्णैकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बोललो, ह्यावेळी मी कमी बोललो. त्यांच्या जोडीच्या एका तांडेलांनी घेतलीय, ते पण आले होते. काकांनी त्यांना विचारलं, ताप आला तेव्हा घरात कोण होतं, किती वेळ पडून होतास, हाताने दोर ओढवला का. आजोबांचं पण कळलं, त्यांच्या मुलाने सांगितलं की त्यांना लसीच्या आधीपासून खोकला होता. काका गप्प झाले, मग म्हणाले की घ्यायची तर बंदी उठायच्या आत. पण आता नवीन अडचण: ह्या आठवड्यात पहिला घेतला तर दुसरा 84 दिवसांनी, म्हणजे ऑक्टोबरात, ऐन सिझनला. तेव्हा बोट रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराला पण लागलेली असू शकते. दुसरा डोस तिकडे मिळेल का?

सुरंगी

मिळेल, कुठल्याही सेंटरवर मिळतो, फक्त लस तीच हवी. पहिल्याला जो मोबाईल नंबर आणि आधार दिलं तेच न्यायचं. काकांचा स्वतःचा नंबर द्या, तुमचा नको, नाहीतर मेसेज तुमच्याकडे येईल आणि ते दर्यावर. आणि जेवून यायला सांगा, उपाशी नको.