७० अंश अल्फावर रोल करताना नेमकं काय बिघडतं?

डेल्टाविंग:
एक्स-३१ या प्रायोगिक विमानाने १८ सप्टेंबर १९९२ला ७० अंश अल्फा (समोरून येणारी हवा आणि विमानाची लांबी यांच्यातला कोन) गाठला, पण त्या अल्फावरचा नियंत्रित रोल (पंख कलवत गोल फिरणं) ६ नोव्हेंबरला झाला. नोझलमागे इंजिनाचा झोत वळवणारे तीन पॅडल असताना नाक वर धरता येतं, मग रोलला वेगळं काय लागतं? आणि नाकाच्या टोकाला त्या बारीक पट्ट्या कशाला?

कोरडी_हवा:
तिथे ‘रोल’ नावापुरताच. विमान फिरवायचं असतं वेगाच्या दिशेभोवती, स्वतःच्या लांबीभोवती नाही. नुसता बॉडी रोल (स्वतःच्या लांबीभोवती) दिला तर अल्फाचं साइडस्लिप होतं, म्हणजे हवा बाजूने लागते. वेगाभोवती सेकंदाला ३० अंश हवेत, तर ७० अल्फावर बॉडी रोल सुमारे १० आणि यॉ (नाक डावी-उजवीकडे वळणं) २८ अंश. म्हणजे जवळजवळ सगळं काम यॉचं, आणि रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू) धड-पंखांच्या मेलेल्या हवेत बुडालेला. पॅडल लागतात ते इथे. शिवाय रोल आणि यॉ एकत्र आले की इनर्शियामुळे नाक आणखी वर ढकललं जातं. त्यासाठी नाक खाली आणायची ताकद राखून ठेवावी लागते.

स्ट्रेक:
पट्ट्यांबद्दल. जास्त अल्फावर नाकाच्या दोन्ही बाजूंनी भोवरे सुटतात. टोकाशी किंचित खडबडीतपणा असला तरी एक भोवरा आधी सुटतो, नाक बाजूला ओढलं जातं, आणि टोक गुरुत्वमध्यापासून लांब असल्याने थोडं बळही भारी पडतं. एक्स-३१ची दोन्ही विमानं एकाच आराखड्याची, तरी इथे सारखी वागली नाहीत. पट्टी दोन्हीकडचा प्रवाह ठरलेल्या जागी सोडवते. बसवताना डावी-उजवी तंतोतंत जुळली पाहिजे, नाहीतर औषधच रोग.

डेल्टाविंग:
मग चाचणी कुठून सुरू करायची?

कोरडी_हवा:
भरपूर उंचीवर, १ जीमध्ये (नेहमीच्या वजनाइतक्याच भारात) वेग सावकाश कमी करत. अल्फाची एक पायरी चढा, स्थिर व्हा, तिन्ही अक्षांत डबलेट (छोटे उलटसुलट झटके) द्या, सिम्युलेटरशी ताडून पाहा. आकडे जुळले तरच पुढची पायरी. मग छोटे रोल, पूर्ण रोल, आणि सगळ्यात शेवटी वेगात झटक्याने अल्फा चढवणं; सावकाश चढताना न दिसलेली ओढ तिथे उघडी पडते. इंजिन बंद पडलं तर पॅडल निकामी, म्हणून एक्स-३१चे कॅनर्ड (पुढचे छोटे पंख) एकटे नाक खाली आणू शकतील असे ठेवले होते. नासाच्या एफ-१८ हार्व्ह या चाचणी विमानावर त्यासाठी स्पिन (गिरकी) थांबवणारं पॅराशूट होतं.

स्ट्रेक:
एक भर. १९ जानेवारी १९९५ला पहिलं एक्स-३१ पडलं ते पोस्ट-स्टॉलमध्ये (पंखांची उचल कोसळल्यानंतरच्या जास्त अल्फावर) नव्हे, परतीच्या वाटेवर. जास्त अल्फावर बरं वाचतं म्हणून कील प्रोब (हवेच्या दाबावरून वेग मोजणारी नळी) बसवलं होतं, त्याला हीटिंग नव्हतं. बर्फ धरला, वेगाचा आकडा चुकला, त्यावर चालणारे गेन (नियंत्रण किती जोरात प्रतिसाद देतं ते ठरवणारे गुणक) चुकले. विमान डोलायला लागलं, नाक वर गेलं. पायलट बाहेर पडून वाचला. गेन स्थिर ठेवणारा मोड होता, वापरला गेला नाही. प्रोब बदललं की डी-आयसिंगची तपासयादी पुन्हा पहिल्यापासून.