घटपर्णीच्या तणाव्याची टोकं काळी पडतात, घट धरत नाहीत

प्रश्न: नेपेंथिस व्हेंट्राटा (घटपर्णीचा एक संकर), 12 सेंमी कुंडी, पूर्वेची खिडकी. माती कोकोपीट अधिक गांडूळखत, पाणी नळाचं (टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, 310). चार महिन्यांत पानं भरपूर आली, लांब आणि गडद हिरवी. पण तणाव्याच्या (पानाच्या शेंड्याला येणाऱ्या दोरीच्या) टोकाची गाठ, जिचा किडे पकडणारा घट होतो, ती फुगायच्या आधीच वाळते. आर्द्रता 55 टक्के. दिवसातून चारदा फवारा मारतो. काय चुकतंय?

मुळाक्षर (सदस्य): गांडूळखत आधी काढा. या झाडाची मुळं नापीक जमिनीला सरावलेली. खतातल्या क्षारांनी ती जळतात. सध्याच्या मातीऐवजी लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खडे), निम्मं-निम्मं. मुळं काळी, केसासारखी बारीक दिसतील. ती सडलेली नाहीत, रंगच तसा आहे, कापू नका. ठिसूळ असतात, म्हणून माती ओढून न काढता बादलीतल्या पाण्यात बुडवून सोडवा. पाणी पावसाचं किंवा आरओचं, टीडीएस 50 च्या आत. मीटरने मोजूनच घ्या, कारण काही आरओ यंत्रं खनिजं परत मिसळतात. वरून घाला, खाली निथळू द्या. कुंडी बशीतल्या पाण्यात उभी ठेवायची पद्धत सारासेनियाची (दुसऱ्या एका कीटकभक्षी झाडाची), हिची नव्हे.

उन्हाची तिरीप (सदस्य): पाण्याचं पटलं, पण माझा पहिला संशय उजेडावर. लांब, गडद पानं म्हणजे उजेड कमी. सकाळचं कोवळं ऊन तीन-चार तास हवं, तेही दोन आठवड्यांत हळूहळू वाढवत. पानांवर तांबूस झाक आली तर उत्तम. पांढुरके डाग पडले तर अति झालं. एलईडी असेल तर रोज 12 ते 14 तास. फवारा बंद केलात तरी चालेल, त्याची ओल काही मिनिटांत उडते. व्हेंट्राटाला 55 टक्के पुरतात.

प्रश्नकर्ता: टोक वाळलेल्या पानांना पुढे घट येतील? आणि हेच सगळं मिरांडालाही (घटपर्णीच्या दुसऱ्या संकरालाही) लागू?

मुळाक्षर: नाही, त्या पानांचा विषय संपला. पानं मात्र ठेवा, अन्न तीच बनवतात. कुंडी बदलल्यावर झाड काही आठवडे रुसतं. निकाल नव्या दोन-तीन पानांवरच बघा. तोवर जागा हलवू नका, कुंडी फिरवूसुद्धा नका.

संकराचा स्वभाव आईबापांवरून ओळखायचा. व्हेंट्राटाचे दोन्ही पालक फिलिपिन्सच्या डोंगरांतले, म्हणून तिला थंड रात्र सोसते. मिरांडात बोर्निओच्या सखल भागातल्या नॉर्थियाना या जातीचा अंश आहे. तिला रात्र उबदार द्या आणि आर्द्रताही जास्त.

उन्हाची तिरीप: घट उघडले की आतलं पाणी ओतून टाकू नका, पाचक रस त्यातच असतो. सांडलंच तर तळाशी थोडं शुद्ध पाणी घाला. किडे मिळत नसतील तर वाळवलेल्या रक्तअळ्या (ब्लडवर्म, मत्स्यालयातलं खाद्य) भिजवून चिमूटभर, महिन्यातून एकदा. जास्त घातल्या तर घटच सडतो.