मदत हवी आहे : माळव्याच्या काळ्या जमिनीत ताग (सनई) केव्हा पेरावा आणि केव्हा गाडावा?

सर्वांना सप्रेम नमस्कार.

आम्ही इंदूरला राहतो आणि सांवेरच्या बाजूला आमची थोडी शेती आहे. जमीन भारी, काळी. खरिपात सोयाबीन आणि रब्बीत बटाटा, हा वर्षानुवर्षांचा क्रम. शेणखत आता पुरेसे मिळत नाही आणि नांगरताना निघणारी ढेकळे दर वर्षी अधिकच टणक होत चालली आहेत. म्हणून यंदा एका तुकड्यात सोयाबीन न घेता हिरवळीच्या खतासाठी ताग पेरण्याचे ठरवले आहे.

एकरी २० ते २५ किलो बियाणे फेकून पेरावे आणि ४५ ते ५० दिवसांनी, फुले दिसू लागताच, पीक जमिनीत गाडावे, येथपर्यंत सारे स्पष्ट आहे. अडचण अशी, की जूनअखेरीस पेरले तर गाडण्याची वेळ ऐन ऑगस्टात येते आणि त्या दिवसांत आमच्या जमिनीला वाफसा (मशागतीजोगा बेताचा ओलावा) नसतो. ओल्यात ट्रॅक्टर घातला तर माती दाबली जाऊन ज्यासाठी हा खटाटोप करायचा तेच बिघडेल. वाफशाची वाट पाहत सप्टेंबर उजाडला, तर ताग पुरुषभर उंच होऊन खोड लाकडासारखे बनते. ओळखीच्या एका शेतकऱ्याने बियाण्यासाठी राखलेल्या तागाचे पक्के खोड मी मोडून पाहिले. आतला गाभा काडकन तुटला, पण साल काही तुटेना आणि दोन्ही तुकडे धाग्यांवर लोंबत राहिले. दोरखंडासाठी हा गुणच आहे, परंतु असे धागे रोटाव्हेटरच्या पात्यांना गुंडाळले जातात, शिवाय जून खोड कुजताना जमिनीतला नत्र काही काळ स्वतःकडेच ओढून घेते. बटाटा तर ऑक्टोबरातच लावायचा असतो.

पेरणी जुलैअखेरीस करावी, तर दिवस लहान होऊ लागल्यावर ताग लवकर फुलावर येतो आणि पाला कमी मिळतो. त्यातच कोवळ्या रोपांना साचलेले पाणी सोसत नाही. पाण्यात तग धरतो म्हणून काहींनी धैंचा हे हिरवळीच्या खताचे दुसरे पीक सुचवले आहे, पण बटाट्याला त्रास देणाऱ्या मुळांवरील गाठींच्या सूत्रकृमीला (मातीतल्या सूक्ष्म कृमीला) तागाने आळा बसतो, म्हणून माझा ओढा तागाकडेच आहे.

आता मनात असे आहे, की जूनअखेरीस पेरून साधारण महिन्याभराने गुडघ्याच्या वरून शेंडे विळ्याने कापावेत, ते थोडे सुकवून इतर वैरणीत मिसळून गाईंना घालावेत आणि नवा फुटवा सप्टेंबरात गाडावा. तागाच्या बियांत जनावरांना अपायकारक द्रव्ये असतात, त्यामुळे शेंगा धरू द्यायच्या नाहीत, हे ध्यानात ठेवले आहे. भारी जमिनीत कोणी असे कापून पाहिले आहे का? फुटवा जोमाने येतो का, आणि खालचे खोड तोवर जून होते की गाडण्याजोगे राहते? रुंद सरी-वरंब्यावर पेरल्यास पाण्याचा निचरा पुरेसा होतो का, हेही कृपया सांगावे. बियाणे पाऊस सुरू होण्यापूर्वी घ्यायचे आहे.