मदत हवी आहे: बालपुस्तकांच्या बोधचित्रांसाठी कोणते विद्यापीठ निवडावे?

नमस्कार. आम्ही कुडाळला राहतो. माझ्या मुलीने यंदा कला शाखेतून बारावीची परीक्षा दिली आहे आणि तिला लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढण्याचे, म्हणजे बोधचित्रकार होण्याचे, रीतसर शिक्षण घ्यायचे आहे. येत्या काही आठवड्यांत प्रवेशाचा निर्णय घ्यावा लागेल. आमच्या घरात किंवा नात्यात कलाशिक्षण घेतलेले कोणीही नाही, म्हणून या क्षेत्रातील जाणकारांना विचारत आहे.

तिला ही ओढ कशी लागली हे आधी सांगतो, कारण माझा प्रश्न तेथूनच सुरू होतो. कुडाळच्या शेजारी पिंगुळी हे ठाकर समाजाच्या चित्रकथीसाठी ओळखले जाणारे गाव आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाल्यानंतर ते नाव बाहेरही पोहोचले. सातवीत असताना शाळेबरोबर ती तेथे गेली होती. निवेदक एक सुटे चित्र समोर उभे धरतो, वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने तेवढाच प्रसंग सांगतो, मग पुढचे चित्र धरतो. अशा चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. घरी आल्यावर तिने जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या बाजूवर आजीने सांगितलेल्या एका गोष्टीची चौदा चित्रे काढली आणि ती एकेक करून आम्हांला दाखवत गोष्ट सांगितली. तेव्हापासून ती सुटे चित्र क्वचितच काढते. एक चित्र झाले की त्याच्या पुढे काय घडले, याचे दुसरे चित्र तिच्या हातून निघतेच.

रेखाकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांत तिला ‘अ’ श्रेणी आहे आणि राज्याची कला-सीईटीही तिने दिली आहे. स्मरणचित्र तिला सोपे गेले, संकल्पचित्रात मात्र वेळ अपुरा पडला. पवईच्या आयडीसीसाठी (आयआयटी मुंबईची डिझाइन शाखा) आणि अहमदाबादच्या एनआयडीसाठीही (राष्ट्रीय डिझाइन संस्था) तिने परीक्षा दिल्या होत्या, परंतु तेथे निवड झाली नाही. त्यामुळे ते दोन पर्याय आता उरलेले नाहीत.

पहिला पर्याय मुंबईचा. सर ज. जी. कलाशाळेची स्थापना १८५७ ची आहे आणि २०२३ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. तेथील उपयोजित कलेच्या चार वर्षांच्या पदवीत बोधचित्र हा विषय आहे, परंतु तो विशेष विषय म्हणून शेवटच्या टप्प्यात निवडता येतो. त्याआधीची वर्षे अक्षररचना, बोधचिन्हे, भित्तिपत्रके, वेष्टने आणि जाहिरातमोहिमा यांत जातात, असे तेथे शिकलेल्या एका तरुणाने आम्हांला सांगितले. शुल्क आमच्या आवाक्यातले आहे. राहण्याचा खर्च मात्र शुल्काच्या कितीतरी पट होईल.

दुसरा पर्याय बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा. तेथील ललित कला विद्याशाखा १९५० मध्ये सुरू झाली. तेथे उपयोजित कलेबरोबरच चित्रकला आणि मुद्राचित्रण (ठशांवरून चित्रे छापण्याची कला) हे स्वतंत्र विभाग एकाच आवारात आहेत. के. जी. सुब्रमण्यन तेथे दीर्घकाळ शिकवत होते आणि स्वतः मुलांसाठी पुस्तके लिहून त्यांची चित्रेही काढत होते, हे वाचल्यापासून मुलीचे मन बडोद्याकडे ओढले गेले आहे. एखाद्या शिक्षकाच्या कामावरून आज त्या विभागात काय शिकवले जाते याचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे, हे मी तिला सांगितले. तिलाही ते पटते, पण ओढ काही कमी होत नाही.

तिसरा पर्याय पणजीतील आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयाचा. ते आम्हांला सर्वांत जवळचे आहे आणि दर आठवड्याला घरी येता येईल. मात्र बहुतेक जागा गोव्यातील रहिवाशांसाठी असल्याने आम्ही त्यावर फार विसंबून नाही.

चौथा पर्याय पुण्यातील एका खासगी डिझाइन संस्थेचा आहे. तिचे नाव येथे लिहीत नाही. तेथे प्रवेश निश्चित आहे आणि माहितीपत्रकात बोधचित्र हा शब्द पहिल्या वर्षापासून आहे. परंतु चार वर्षांचे शुल्क भरण्यासाठी शैक्षणिक कर्ज काढावे लागेल. मी पतसंस्थेत नोकरी करतो, माझी पत्नी अंगणवाडी सेविका आहे. कर्जाचा हप्ता कसा असतो हे मला रोज समोर दिसते. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या बोधचित्रकाराच्या कमाईतून तो फिटेल, असे मला वाटत नाही.

आता माझा खरा प्रश्न. उपयोजित कलेत चित्र एखाद्या मजकुरासाठी किंवा वस्तूसाठी काढायला शिकवतात, चित्रकला विभागात चित्र स्वतःपुरते पूर्ण असते, असे मला बाहेरून दिसते. चित्रामागून चित्र लावून गोष्ट सांगणे, तेच पात्र वीस पानांवर तेच वाटेल असे काढणे, शब्दांनी काय सांगायचे आणि चित्राने काय सांगायचे हे ठरवणे, हे यांपैकी कोठे शिकवतात? आणि कोठेच शिकवत नसतील, तर कोणत्या विभागात राहून ते स्वतः शिकायला सर्वांत जास्त जागा मिळते?

प्रतिसाद

नमस्कार. मी मुंबईत उपयोजित कलेची पदवी घेतली असून गेली काही वर्षे बालपुस्तकांसाठी चित्रे काढते. आपण विचारलेल्या तीनही गोष्टी मला पदवीच्या अभ्यासात कोणी शिकवल्या नाहीत. शेवटच्या वर्षी बोधचित्र हा विशेष विषय घेऊनही माझी बहुतेक कामे मुखपृष्ठाची किंवा एकाच चित्राची होती. संपूर्ण पुस्तक मी पहिल्यांदा केले ते एका प्रकाशनासाठी, आणि तेव्हा बारावे पान येईपर्यंत माझ्या नायिकेचे वय दोन वर्षांनी वाढलेले दिसत होते.

तरीही उपयोजित कलेने मला जे दिले त्याचे मोल मी कमी लेखणार नाही. अक्षर आणि चित्र एकाच पानावर कसे नांदवायचे, छपाईत चार रंगांचे काय होते, कापणीसाठी कडेला किती जागा सोडायची, हे मला पहिल्याच पुस्तकाच्या वेळी ठाऊक होते. चित्रपुस्तक बहुधा बत्तीस पानांचे असते, कारण छापलेला मोठा कागद दुमडला की सोळा पानांचा एक फर्मा होतो आणि असे दोन फर्मे मिळून पुस्तक बनते. गोष्टीतले वळण पान उलटण्याच्या जागी आणायचे असेल, तर हे गणित हातात असावे लागते. चित्रकला विभागातून आलेल्या माझ्या मैत्रिणींना ते नंतर शिकावे लागले. त्यांची माणसे मात्र माझ्या माणसांपेक्षा कितीतरी जिवंत होती, कारण त्यांनी चार वर्षे समोर बसलेल्या माणसावरून रेखाटन केले होते. ती उणीव मी अजून भरून काढते आहे.

आपल्या मुलीला क्रम आधीच येतो. हे माझ्या दृष्टीने फार मोठे भांडवल आहे. ज्या मुलीने सातवीत कोणी न सांगता चौदा चित्रांत गोष्ट बसवली, तिला हात पक्का करून देणारी आणि साधने हाताळू देणारी जागा हवी आहे. लिनोकट, काष्ठठसा आणि शिळाछाप यांची यंत्रे वापरायला मिळतात अशा आवारात तिने जावे, असे मला वाटते. मुद्राचित्रणात थोड्या रंगांत आणि ठाम रेषेत सांगावे लागते, आणि पुस्तकाच्या चित्राला तीच शिस्त लागते. रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’साठी १९३० मध्ये नंदलाल बोस यांनी केलेली लिनोकट चित्रे मिळाली, तर तिला अवश्य दाखवा. म्हणून चार पर्यायांत माझा कल बडोद्याकडे आहे, आणि तेथे प्रवेश झाला नाही तर मुंबईकडे.

पुण्याच्या संस्थेबद्दल एवढेच सांगते की चेन्नईच्या तुलिका किंवा तारा, बंगळूरच्या प्रथम बुक्स, भोपाळच्या एकलव्य किंवा आपल्याकडील ज्योत्स्ना प्रकाशन अशा कोणाकडेही काम मागायला गेले, तरी आधी चित्रे पाहिली जातात. एकच पात्र पाच-सहा अवस्थांत, आणि एका गोष्टीची सलग तीन-चार पाने, एवढे चांगले असले की पुढचे बोलणे सुरू होते. माझ्याकडे पदवीचे प्रमाणपत्र आजवर एकाही प्रकाशकाने मागितलेले नाही. तेवढ्यासाठी आपण मोठे कर्ज काढू नये.

प्रवेश घेण्याआधी शक्य असेल तेथे प्रत्यक्ष जाऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या वह्या पाहा. अंतिम वर्षाच्या प्रदर्शनात सगळेच उत्तम दिसते. वहीत मात्र आठवड्यातून किती वेळा रेखाटन होते आणि शिक्षकाची पेन्सिल किती वेळा त्यावरून फिरली आहे, हे स्पष्ट कळते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपण इतक्या मनापासून लिहिलेत, त्याबद्दल मी आणि माझी पत्नी आपले आभारी आहोत. मुलीला आपला प्रतिसाद वाचून दाखवला. बाराव्या पानावर पात्राचे वय वाढल्याचे ऐकून तिने आपली जुनी चौदा चित्रे काढून पाहिली. तिच्याही चित्रांत आजीचे नाक सहाव्या चित्रापासून बदललेले आहे. त्या दिवसापासून ती आजीला समोर बसवून रोज रेखाटन करते आहे.

पुण्याचा पर्याय आम्ही सोडला आहे. बडोद्याची चाचणी ती देईल आणि त्याच वेळी आम्ही दोघे तेथील वह्या आणि कार्यशाळा पाहून येऊ. मुंबईचा अर्जही भरून ठेवत आहोत. आता दोन गोष्टी ठाऊक असलेल्या कोणी सांगितल्या, तर फार मदत होईल. बडोद्यात उपयोजित कलेला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थिनीला मुद्राचित्रण विभागातील यंत्रांवर नियमित काम करता येते का, की त्यासाठी तोच विभाग निवडावा लागतो? आणि महाराष्ट्रातून तेथे गेलेल्या मुलींना पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळते का, की बाहेर खोली पाहावी लागते?